हिमाचलात ‘सेटल’ व्हायला निघालेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रिय पुणेकर, मुंबईकर, ठाणेकर, नाशिककर आणि अजून जिथून जिथून मला मेसेज येतात त्या सगळ्यांना,

नमस्कार. मी मूळची चिपळूणजवळची. पुण्यात शिकले, तिथेच नोकरीला लागले, ऑफिसातल्याच एका कांगड्याच्या मुलाशी लग्न केलं आणि लॉकडाऊननंतर आम्ही दोघं त्याच्या गावी राहायला आलो ते आता इथलेच झालोय. गाव पालमपूरच्या वरच्या अंगाला, धौलाधारच्या पायथ्याशी. घरात सासूसासरे, गाई, भात-गव्हाची थोडी शेती आणि आमच्या दोघांचं लॅपटॉपवरचं काम.

एक मराठी बाई हिमाचलात राहते म्हटल्यावर लोक विचारणारच, त्यात वावगं काही नाही. एप्रिल-मे लागला की सुरू होतं, ताई तिकडे थोडीशी जागा मिळेल का, आता पुण्याचा कंटाळा आलाय, ट्रॅफिक नको, टँकर नको, एक छोटं लाकडी घर, समोर बर्फाचे डोंगर आणि वायफाय असलं की झालं. आणि काहीजण त्यापुढे जाऊन विचारतात की बाहेरच्यांना जमीन घेता येत नाही म्हणे, मग तुमच्या मिस्टरांच्या नावावर घेतली तर? हा प्रश्न आता इतक्या सहजपणे यायला लागलाय की एकेकाला दोन ओळींचं उत्तर देऊन भागत नाही. म्हणून सगळ्यांना मिळून एकदाच लिहितेय, आणि इथे राहणं कसं असतं ते चांगलं-वाईट सगळं लिहितेय.

सुरुवातीला आकडे, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. २०११ च्या जनगणनेत हिमाचलातली जवळजवळ ९० टक्के माणसं खेड्यात राहणारी होती. महाराष्ट्रात तेव्हाच ४५ टक्के लोक शहरात होते. शिमला राजधानी, पण तिची लोकसंख्या होती १ लाख ७० हजारांच्या आसपास, म्हणजे आपली इचलकरंजीसुद्धा तिच्याहून बरीच मोठी. चौरस किलोमीटरमागे इथे १२३ माणसं, महाराष्ट्रात ३६५. आता ह्याचा अर्थ काय तर कोकणातलं खेडं कितीही आडबाजूला असू दे, त्याच्या पाठीशी मुंबई असते, पुणे-कोल्हापूर असतं, मोठं हॉस्पिटल, कॉलेज, नोकरी, भाऊ नाहीतर काका, सगळं आपल्याच राज्यात असतं. इथे तसं मोठं शहर राज्यात नाहीच. आमचं मोठं शहर चंदीगड, ते राज्याच्या बाहेर, आणि आमच्या गावातून तिथे पोचायला रस्ता चांगला असेल तर सहा-सात तास. तुम्ही एखाद्या खेड्यात राहायला येत नाही आहात, खेड्यांच्याच राज्यात येताय, आणि इथल्या चांगल्या गोष्टी आणि इथले त्रास दोन्ही त्यातूनच येतात हे माझं इथे राहून झालेलं ठाम मत आहे.

आधी चांगलं सांगते, आणि डोंगर-हवा सोडून सांगते कारण ते तुम्हाला रील्समधून दिसतंच.

खेड्यांचं राज्य म्हणजे मागासलेलं हा जो आपल्या डोक्यात पक्का बसलेला हिशोब आहे तो इथे चुकतो. २०११ ला साक्षरता हिमाचलात ८२.८ टक्के, महाराष्ट्रात ८२.३. मुंबई-पुणे धरून आपण ८२.३ आणि हे लोक एवढ्या चढउतारावर पसरलेली गावं घेऊन आपल्या बरोबरीला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, दहावी पास आहेत आणि त्यांच्या वयाच्या गावातल्या बऱ्याच बायका लिहितात-वाचतात, महिला मंडळाचा जमाखर्च त्याच बघतात. वीज गावोगाव आहे, नळ घरात आहे, एसटीसारखी एचआरटीसीची बस अशा वळणांवरून वर येते की पहिल्यांदा बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. सरकारी शाळेतला मास्तर गावातल्या प्रत्येक मुलाला बापाच्या नावासकट ओळखतो.

दुसरं म्हणजे इथलं पाणी. आमच्याकडे कूहल असते. धौलाधारवरून येणाऱ्या ओढ्याला, इथे त्याला खड्ड म्हणतात, वरच्या अंगाला दगडांचा छोटा बांध घालून पाणी चरात वळवतात आणि तो चर डोंगराच्या कुशीने किलोमीटरच्या किलोमीटर खाली गावांतून शेतांतून जातो, पंप नाही काही नाही, फक्त उतार. खानदेशातली पांझरा-मोसमवरची फड पद्धत आणि तिथला पाटकरी ज्यांना माहितीये त्यांना हे लगेच कळेल. पाटकऱ्याच्या जागी इथे कोहली असतो. जूनमध्ये भात लावणीच्या वेळी पाऊस यायचा असतो आणि सगळ्यांना एकदम पाणी हवं असतं तेव्हा हा माणूस पहाटे फावडं घेऊन कूहलीच्या काठाने फिरतो, कुणाच्या शेताचं तोंड कधी उघडायचं कधी मातीने बंद करायचं हे तो ठरवतो, आणि आमच्या इथला कोहली साठीच्या पुढचा आहे, अंगठ्याएवढा दगड काढून बाजूला ठेवतो आणि म्हणतो एवढंच, दुपारपर्यंत एवढंच. त्याच्याशी भांडतात लोक, पण ऐकतात. पावसाळ्यात बांध वाहून गेला की घरटी एक माणूस दुरुस्तीला, नाहीतर पैसे द्यायचे. बऱ्याच कूहली आता जल शक्ती विभागाकडे गेल्यात, सिमेंटच्या झाल्यात, तरी आमच्याकडे अजून तोंडी हिशोबावर चाललंय. हे मी एवढं लांबण लावून का सांगतेय ते पुढे कळेल.

तिसरं, माणसं. धाम म्हणजे लग्नाकार्यातलं जेवण, बोटी म्हणजे स्वयंपाकी मंडळी आदल्या रात्रीपासून मोठ्या पितळी भांड्यांत मदरा, माह की दाल, खट्टा, मीठा भात शिजवतात आणि सगळं गाव जमिनीवर पंगतीत बसून पत्रावळीवर जेवतं. आमच्या पट्ट्यात घरटी फौजी. पहिले परमवीर चक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा कांगड्याचे, कॅप्टन विक्रम बत्रा पालमपूरचे. रिटायर होऊन गावी आलेले सुभेदारसाहेब, हवालदारसाहेब प्रत्येक गावात सापडतात आणि अडीअडचणीला त्यांची शिस्त फार उपयोगी पडते.

आता वाईट सांगते, पण एका घटनेतूनच सांगते कारण त्यात दोन्ही आहे.

पावसाळा संपला की इथे घासण्या कापतात. घासणी म्हणजे गवताचा उतार, प्रत्येक घराचा ठरलेला, हिवाळ्यात गुरांना घालायचं गवत तिथून येतं आणि हे काम नव्वद टक्के बायकांचं. उतार असा की विळ्याने कापताना एक पाय खाली रोवून ठेवायला लागतो. अम्मा गेली चाळीस वर्षं कापतायत आणि त्या दिवशी दवावरून पाय सरकला आणि खाली दगडावर आपटल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी घरात कॉलवर होते, मला पत्ता नाही. खड्डच्या पलीकडून शेजारच्या चाचीने पडताना बघितलं आणि ती तिथून ओरडली, तिचा आवाज वरच्या घरात, वरच्या घरातून अजून वर. मी धावत पोचेपर्यंत तिथे आठ-दहा माणसं जमली होती, एकाने घरची खाट आणलेली, दोन बांबू बांधलेले, एक रिटायर्ड सुभेदार सांगत होते कोणी कुठे धरायचं, डोकं वरच्या बाजूला ठेवा, हळू. रस्त्यापर्यंत चढ. रस्त्यावर पोचलो तर कुणीतरी आधीच पिकअप उलटी करून उभी केली होती, मागे गादी टाकून. कोकणात आमच्या वरच्या वाड्यांमधून अजून डोलीतून पेशंट आणतात ते मी लहानपणी बघितलंय, तेच.

जवळच्या सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे मशीन होतं पण चालवणारा रजेवर, हाडांच्या डॉक्टरची जागा रिकामी. ड्युटीवरच्या मुलीने इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली आणि रेफर. रेफर हा शब्द इथे प्रत्येक घरात सगळ्यांना ठाऊक असतो, लहान पोरंसुद्धा म्हणतात, दादीला रेफर केलं. मग पुढच्या हॉस्पिटलचा रस्ता, प्रत्येक खड्ड्याला अम्मांचा हात माझ्या मनगटावर आवळायचा. तिथे मात्र डॉक्टर चांगले भेटले, ऑपरेशन झालं, हिमकेअर म्हणजे इथल्या राज्य सरकारच्या आरोग्य योजनेच्या कार्डामुळे खर्चाचा बोजा पडला नाही. पण पहिल्यांदा पडल्यापासून कुणी हाडाच्या डॉक्टरने बघेपर्यंत रात्र झाली होती. कोथरूडला जिन्यावरून पडल्या असत्या तर तासाभरात एक्स-रे झाला असता.

आणि आम्ही हॉस्पिटलात असताना घरी काय चाललं होतं तर शेजारच्या दोन घरच्या बायका सकाळ-संध्याकाळ येऊन आमच्या गाईंचं दूध काढत होत्या, शेण भरत होत्या, आणि आमची उरलेली घासणी कापून गवताचे भारे बांधून ठेवलेले होते. सांगितलं नव्हतं कुणी. कोथरूडला हे झालं असतं का, मला नाही वाटत, आणि तिथल्या लोकांत माणुसकी कमी आहे म्हणून नाही तर तिथे गरज पडत नाही म्हणून. इथे अँब्युलन्स येणार नाही, नर्स मिळणार नाही हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे माणसंच अँब्युलन्स होतात आणि माणसंच नर्स होतात. तुम्ही ज्याला गावचा जिव्हाळा म्हणता तो सोय नसल्यामुळे टिकलेला आहे आणि त्याची वर्गणी भरावी लागते. उद्या चाचीच्या घरात कुणी आजारी पडलं तर माझी मीटिंग कितीही महत्त्वाची असली तरी पहाटे गाईखाली मला बसायचंय. हे जमणार असेल तरच तो जिव्हाळा आपला. नुसतं भाडं भरून तो मिळत नाही.

मोठी सोय हळूहळू येतेय, नाही असं नाही. टांडाला मेडिकल कॉलेज आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये बिलासपूरला एम्स सुरू झालं. पण डॉक्टर गावात टिकत नाही, आणि का टिकेल, त्याच्या बायकोला नोकरी नाही, मुलांना त्याच्या मनासारखी शाळा नाही. म्हातारे आईवडील घेऊन इथे यायचा विचार करणाऱ्यांनी, ब्लडप्रेशर-शुगरपुरतं ठीक आहे, पण डायलिसिस, हार्ट, कॅन्सर असं काही असेल तर मी स्पष्ट सांगते, येऊ नका. गरोदर असाल तर सातवा महिना लागायच्या आत खाली जायची सोय करून ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात. पठाणकोट ते जोगिंदरनगर १६४ किलोमीटरची छोटी रेल्वे आहे, १९२९ पासूनची, गरिबांची गाडी, भाजीवाले, कॉलेजची पोरं, सगळे त्यावर. २० ऑगस्ट २०२२ ला पुरात चक्की नदीवरचा पूल कोसळला आणि पठाणकोटची जोडणी तुटली ती वर्षानुवर्षं तुटलेलीच राहिली. मुंबईत लोकलचा एक पूल पडला तर किती दिवसांत उभा करतील तुम्हीच सांगा. मतं कमी, माणसं कमी, म्हणून आमचं काम रांगेत मागे. गग्गलचं विमानतळ आहे पण ढग आले की विमान येत नाही, आणि आमच्या पट्ट्यात ढग येतात हो, धर्मशाला-पालमपूरचा पाऊस कोकणातल्यासारखाच, जुलै-ऑगस्टमध्ये कपडे चुलीवर वाळवायचे. वादळात लाईट गेली की कधी कधी दोन दिवस येत नाही आणि मग वायफायचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

कामाचं तर सगळ्यात कठीण. तुम्ही तुमची नोकरी लॅपटॉपमध्ये घालून आणणार, पण इथल्या पोरांचं काय? बीए, बीएस्सी, आयटीआय झालेली पोरं सरकारी भरतीची वाट बघत तिशीला पोचतात, नाहीतर बद्दीच्या औषध कंपन्यांत, चंदीगड, लुधियाना, दिल्ली. मी कोकणातली, मला हे नवीन नाही. आमच्या वाडीतले पुरुष मुंबईला आणि पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, इथले पुरुष फौजेत आणि मनीऑर्डर फौजेतून, मागे बाई, म्हातारी माणसं आणि जनावरं. शाळांत मुलंच नाहीत म्हणून सरकार शाळा बंद करतंय, एकात एक मिसळतंय, आणि एकदा शाळा गेली की लहान मुलं असलेलं घर गाव सोडतं, मग अजून मुलं कमी. वर माकडं आणि रानडुकरं. मका लावला तर रात्रंदिवस राखण, म्हणून लोकांनी मका सोडला, शेतं पडीक, आणि पडीक शेतात घाणेरी माजलीये, आपल्याकडे माळावर असते ना तीच, गुरं तोंड लावत नाहीत. तुम्हाला फोटोत हिरवंगार दिसतं त्यातलं बरंच ती घाणेरी आहे.

आणखी एक, हे कुणी बोलत नाही. मी धामच्या पंगतीचं कौतुक केलं, पण काही गावांत अजूनही ती पंगत जात बघून बसते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात चारातला एक माणूस अनुसूचित जातीचा आहे. खेड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणजे सगळ्यांची जातही ओळखतात, शहरात गर्दीत हरवून जायची जी एक सुटका असते ती इथे नाही. बायकांनाही नाही. मी रात्री नऊला एकटी शेजारच्या वस्तीवर जाऊन येते, भीती वाटली तर बिबट्याची, माणसाची नाही, हे मोठंच सुख आहे, पण मी कुठे गेले, किती वाजता आले, कुणाच्या गाडीतून उतरले हे दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना माहीत असतं. आमच्या लग्नाला माझ्या घरचे सहज तयार झाले, इथल्या काही नातेवाइकांनी मात्र अम्मांना वर्षभर ऐकवलं. कुणी एकटी मुलगी, कुणी लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं इथे यायचं म्हणत असेल तर बीडमध्ये म्हणजे पॅराग्लायडिंगच्या बीडमध्ये, जिथे बाहेरचे लोक भरपूर आहेत तिथे चालून जाईल, आतल्या गावात रोज उत्तरं द्यावी लागतील.

आता जमिनीकडे येते.

हिमाचलच्या १९७२ च्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ असं आहे की जो इथला शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. डॉ. यशवंतसिंह परमार मुख्यमंत्री होते तेव्हाचा कायदा. भीती अशी होती की खालचे पैसेवाले येतील आणि इथला दोन-चार बिघ्यांचा शेतकरी विकून मोकळा होईल. आणि ती भीती खोटी नव्हती कारण राज्याच्या एकूण जमिनीपैकी लागवडीखालची जमीन साधारण दहा टक्के आहे, बाकी जंगल, कुरणं, खडक, बर्फ. जी काही विकली जाईल ती ह्या दहातली. कायद्याची दुसरी बाजूही आहे, पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली पण शेती नसलेली कुटुंबंही त्यात अडकतात, शिमल्यातली दुकानदार मंडळी वर्षानुवर्षं ह्याबद्दल बोलतायत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पुण्याहून सेकंड होम घ्यायला येणाऱ्याची तक्रार मला पटत नाही.

तुमच्यातले काहीजण म्हणतात, आपल्याच देशात जमीन घ्यायला परवानगी कसली? अहो, महाराष्ट्रातही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, १९४८ चा कायदा आहे. आपण त्याला किती पळवाटा काढल्यात हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात जाऊन बघा. आमच्या शेजारच्या वाडीत सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली चौदा मुंबईत, एजंटने एकेकाच्या घरी जाऊन सह्या घेतल्या, अख्खा डोंगर गेला, कुंपण झालं, आणि ज्या वाटेने बायका झऱ्यावर जायच्या ती वाट कुंपणाच्या आत गेली. जेसीबीने डोंगराचा पाय कापला, पहिल्याच पावसात लाल माती खालच्या भातशेतात. विकणाऱ्यांच्या हातात जे पैसे आले ते विरारच्या वन रूम किचनमध्ये संपले. हे मी डोळ्यांनी बघून आलेय, त्यामुळे कलम ११८ ला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

आणि इथेही सुरू झालंच आहे. आमच्या कूहलीच्या वरच्या अंगाला एक होमस्टे झाला. कागदोपत्री एका इथल्याच माणसाचा, पैसा बाहेरचा, हे गावात सगळ्यांना माहितीये. बांधकामाचा राडारोडा सरळ उतारावर लोटला, तो कूहलीत आला, ऐन लावणीत खालच्या शेतांचं पाणी थांबलं. कोहली वर जाऊन बोलला तर मॅनेजर म्हणाला मालकाशी बोला, मालकाचा फोन लागेना. गावातल्या भांडणात कोहली कुणाच्या दारात जाऊन उभा राहू शकतो, जो माणूस इथे राहतच नाही त्याच्या दारात कसा उभा राहणार? शेवटी लोकांनीच फावडी घेऊन राडा काढला, पण तोपर्यंत काहींची रोपं पिवळी पडली होती. तोंडी हिशोबावर चालणाऱ्या गोष्टी ज्याला तोंड दाखवायचं नाही अशा एका माणसामुळे बंद पडतात. म्हणून माझ्या मिस्टरांच्या नावावर किंवा कुणाच्याही नावावर जमीन घ्यायचं मला विचारू नका. तो गुन्हा तर आहेच, पकडलं गेलं तर जमीन सरकारजमा होते, पण मी त्यासाठी नाही म्हणत नाहीये. मला ह्या पाण्यावर राहायचंय.

बांधकामाबद्दल अजून थोडं. ४ एप्रिल १९०५ ला कांगड्यात जो भूकंप झाला त्यात जवळपास २० हजार माणसं गेली. हा सगळा पट्टा भूकंपाच्या सर्वात धोक्याच्या झोनमध्ये येतो. जुनी घरं बघा, मातीच्या विटा, लाकूड, वर खनियाऱ्याच्या खाणीतल्या पाट्या म्हणजे स्लेट, बुटकी, आणि उताराला सोडून सपाटीवर. आता खड्डच्या काठावर पिलर उभे करून चार-चार मजले चढतायत, कारण व्ह्यू. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ब्यास नदीने काय केलं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं, शिमल्यात समरहिलला शिवमंदिरावर डोंगर आला, २० माणसं गेली, श्रावणातला सोमवार होता. त्या महिन्यात आमच्याकडे रात्री पाऊस वाढला की कुणी झोपत नव्हतं, सासरे टॉर्च घेऊन उठून खड्डचं पाणी बघून यायचे. त्याच पुलांवरून तुम्ही मे महिन्यात फोटो काढता. अटल बोगदा झाला ऑक्टोबर २०२० मध्ये, ९ किलोमीटरचा, लाहौलच्या लोकांचा हिवाळ्यातला बंदिवास संपला, पेशंट बाहेर काढता यायला लागला, ही फार मोठी गोष्ट झाली, कुणी त्याविरुद्ध बोलू नये. पण त्याच बोगद्यातून एका दिवसात हजारो गाड्या जातात आणि प्लास्टिक तिथेच टाकून येतात. तिथे महानगरपालिका नाही. पंचायत आहे, तिच्याकडे कचऱ्याची गाडी नाही. आमच्या गावात कचरा आम्हीच वेगळा करतो आणि सुकं सामान महिन्यातून एकदा महिला मंडळाच्या बायका गोळा करून खाली पाठवतात.

एवढं सगळं वाचूनही यायचं असेल तर या, मनापासून सांगते. जमीन न घेता या. भाड्याची घरं भरपूर आहेत, गावागावात वरचा मजला रिकामा असतो कारण मुलगा बाहेर आहे, आणि भाडं तुम्हाला पुण्याच्या मानाने काहीच वाटणार नाही, म्हाताऱ्या घरमालकाला मात्र त्याचा आधार होतो. मे महिन्यात बघायला येऊ नका, जुलैत या आणि पुढचा जुलै येईपर्यंत राहा. स्वतःचं घरच हवं असेल तर हिमुडा म्हणजे इथलं म्हाडा, त्यांचे फ्लॅट बाहेरच्यांना घेता येतात, किंवा सरळ ११८ खाली अर्ज करा, वेळ लागेल, लागू दे. तोवर ग्रामसभेला जाऊन बसा, भाषा कळली नाही तरी बसा. कूहलीच्या कामाचा दिवस असेल तर फावडं घेऊन जा. दूध, भाजी, अंडी गावातून घ्या, ऑनलाइनवरून नको, मुळात इथे डिलिव्हरीवाला दारात येतही नाही, खालच्या दुकानात ठेवून जातो.

आणि तुमच्यात कुणी डॉक्टर, एक्स-रे टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, गणित-सायन्सचे शिक्षक असाल आणि वर्ष-दोन वर्षं इथे काढायची तयारी असेल तर तुमचा मेसेज मला सगळ्यात आधी हवाय. अम्मांना ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला आजूबाजूच्या गावांत एक माणूस मिळाला नाही, मी व्हिडिओ बघून करून घेतले. सरकारी जागा कुठे रिकाम्या आहेत, खाजगी दवाखाना टाकायला कुठे खोली मिळेल, प्रायमरी शाळेत कुणाशी बोलायचं हे सगळं मी आणि आमचे सुभेदारसाहेब विचारून ठेवू. राहायची सोय आमच्याकडे वरच्या मजल्यावर होईल, पहिले तीन महिने भाडं नको.

तुमची,
पालमपूर तहसील, जिल्हा कांगडा